आईताई

गाणं आलं तेव्हा आईच्या ओठांत टाचण्या होत्या आणि ताईच्या मांडीवर कुणाच्या तरी पँटचा उसवलेला पाय होता.

फोन नेहमीसारखा बॉबिनच्या रिकाम्या डब्यात उभा करून ठेवला होता. डब्यात ठेवला की आवाज घुमतो, हा शोध आईचा. दुकान म्हणजे एक खोली. रस्त्याकडे काचेचं दार, त्यावर ‘कपड्यांची दुरुस्ती व फिटिंग’ असं रंगवलेलं. आत दोन मशीनं, इस्त्रीचं टेबल, आणि पडद्यामागे माणूस जेमतेम वळू शकेल एवढी कपडे बदलायची जागा. नवे कपडे इथे कुणी शिवायला टाकत नसे. इथे यायचे ते सैल झालेले, घट्ट झालेले, चेन गेलेले, थोरल्याचे धाकट्याला बसवायचे असलेले. आई म्हणायची, “नवं शिवणारे पुष्कळ आहेत. आपण बिघडलेलं बसवतो.”

गाण्यासोबत ताईच्या धाकट्या भावाचा, बारक्याचा, निरोप होता : ‘हे तुम्हा दोघींसाठी. अर्थ फोनवर सांगतो.’

डब्यातून ती बाई गायला लागली. बाई तरी कसं म्हणायचं! जपानी गाणं, आणि गाणारी कुणी नाहीच. संगणकात घडवलेला आवाज. कुणीतरी आपल्या घरात बसून तिला शब्द द्यायचे, चाल द्यायची, की ती गाणार. आवाज कोवळा, काचेच्या गोटीसारखा गुळगुळीत, आणि एवढा उंच चढायचा की माणसाच्या गळ्याला तिथे पोचायला शिडी लागावी. दोन ओळी गुणगुणल्यासारख्या झाल्या आणि मग तिने सूर लांबवून हाक मारली :

“आईताईऽ… आईताईऽऽ…”

ताईने पँट बाजूला ठेवली. “आई! ऐकलंस का? ही आपल्याला हाक मारतेय!”

आईला टाचण्यांमुळे हसता येईना. तिचे खांदे तेवढे गदगदत होते. गाणं पुन्हा त्या जागी आलं, पुन्हा आईताई, आईताई, आणि ताईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. तेवढ्यात फोन वाजला.

“ऐ… ऐकलं?” बारक्या.

“ऐकलं रे! तुझ्या त्या बाईला आमची नावं कुणी सांगितली?”

“ना… नाही ताई, ते तसं नाहीये. तो एक शब्द आहे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ… भ… भ… भ…”

“भारी!” ताई म्हणाली. “भारी आहे, खरंच भारी आहे. इकडे आमची हसून मुरकुंडी वळलीये.”

मग तोही हसला. “ह… हो. भ… भारी.”

“आणि इकडची काळजी नको करूस. आम्ही मजेत आहोत. उगाच रजा वाया घालवू नकोस.”

फोन ठेवल्यावर आईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. “तो काहीतरी वेगळं सांगत होता गं.”

“वेगळं काय सांगणार? आई, तो बोलायच्या आधी मला कळतं त्याला काय म्हणायचंय ते.”

आईने मशीनवर पाय ठेवला. पाय चालायला लागला की तिच्या तोंडी तिचीच जुळवलेली एखादी ओळ यायची, ती तशीच आली :

*सुई चालली पुढं, मागं दोऱ्याची गं वाट*
*माझ्या बारक्याच्या बोला, लागे वळणाचा घाट*

*घाट चढते गाडी, नको ढकलू गं ताई*
*चढ सरेल आपला, बोलायाची नको घाई*

ताईने ते ऐकलं, पण मशीनच्या खडखडाटासारखंच ऐकलं. रोजच्या गोष्टींना कान कुठे असतात?

बारक्या लहानपणापासून अडखळायचा. सगळ्याच शब्दांना नाही. ‘म’ला कधीमधी, ‘प’ला थोडा जास्त, आणि ‘भ’ आला की घोडं अडलंच. तोंड उघडं, मान ताणलेली, डोळे गच्च मिटलेले, आणि शब्द दाराशी येऊन उभा. ताईला ते बघवायचं नाही. शाळेच्या रस्त्यावर, वाण्याच्या दुकानात, पाहुण्यांपुढे, जिथे म्हणून त्याचा शब्द अडला तिथे ही धावलीच. निसटायला आलेलं बटण हातात झेलावं तसं ती त्याचं वाक्य झेलायची आणि पुरं करून द्यायची. “त्याला भाजलेले दाणे हवेत.” “त्याला भूगोलाचं पुस्तक हवंय.” लोक म्हणायचे, काय बहीण आहे! तिलाही तसंच वाटायचं. बहुतेक वेळा शब्द बरोबर निघायचा. चुकला तरी बारक्या मान डोलवायचा. चुकलेले दाणे खाणं सोपं होतं.

आई मात्र कधी त्याचा शब्द पुरा करत नसे. तो बोलायला लागला की तिच्या ओठांत नेमक्या टाचण्या असायच्या.

“गिळशील एखादी,” ताई ओरडायची. “काही काम नाही, आणि टाचण्या कशाला तोंडात?”

“हं,” आई म्हणायची. टाचण्यांमधून दुसरं काय म्हणणार.

मग बारक्या मोठा झाला आणि लांबच्या शहरात एका भल्यामोठ्या गोदामात लागला. तिथे कानाला यंत्र लावायचं. यंत्रातली बाई सांगणार, अमक्या रांगेत जा, तमक्या फळीवरचा खोका उचल. त्याने फळीचा आकडा मोठ्याने म्हणायचा, म्हणजे तिची खात्री पटते. पहिल्या दिवशी ताईला काळजी लागली होती, याचं तिथे कसं होणार! पण त्याने फोनवर हसत सांगितलं होतं, “अडलं तर ती म्हणते, पुन्हा सांगा. शंभर वेळा अडलं तरी तेवढंच म्हणते. प… पण माझ्या तोंडातला शब्द काढून घेत नाही.”

“चांगली आहे की,” ताई म्हणाली होती. टोमणा तिच्या डोक्यावरून गेला.

त्या गोदामातच कुणाकडून तरी त्याला या गाण्यांचा नाद लागला. ज्याला गळा नाही, जीभ नाही, दात नाहीत, असा आवाज. कितीही अवघड ओळ द्या, भरधाव द्या, ती अडत नाही. आणि ज्याला स्वतःला गाता येत नाही असा कुणीही तिच्याकडून गाऊन घेतो. कुणी शाळकरी पोर, कुणी आजारी, कुणी चार माणसांत बोलायला घाबरणारा. बारक्याने हे सगळं लिहून पाठवलं होतं. लिहिताना त्याला काहीच अडत नसे.

मग दर रविवारी एक गाणं यायला लागलं. नुसतं गाणं नाही, शिफारशीसकट. ‘आई, हे मशीन चालवताना ऐक, याचा ठेका तुझ्या पायाचा आहे.’ ‘ताई, हे इस्त्रीला. मधे एक वाफेसारखा आवाज येतो बघ.’ ‘हे काजं करताना मुळीच नको, इतकं पळतं की बोट शिवून घेशील.’ ‘हे पाऊस नसताना ऐक, पाऊस असला की वाया जातं.’ कधी एकच ओळ : ‘याच्यात ती शेवटी श्वास घेते. खोटा आहे, बनवणाऱ्याने हाताने घातलाय. पण ऐक.’

तो खोटा श्वास ऐकायला आईने मशीन थांबवलं होतं. दोनदा ऐकला. मग म्हणाली, “खोटा कशाला? कुणीतरी मन लावून घातलाय ना? आपण कॉलरला अस्तर घालतो तसा. दिसत नाही म्हणून खोटं होतं का?”

“तुला कळतं का काही त्यातलं?” ताईने विचारलं.

“शब्द नाही कळत. पोरगं दर रविवारी काहीतरी बोलतंय, तेवढं कळतं.”

ताईला गाणी आवडायची, पण वरवर. तिच्या लेखी ते भावाचं खूळ होतं. ती गायिकेला ‘पत्र्याची बाई’ म्हणायची आणि फोनवर विचारायची, “काय रे, पत्र्याची बाई बरी आहे ना? गंज नाही ना चढला?” तो हसायचा. त्या हसण्यात काय काय दुमडून ठेवलेलं असेल, ते तिने कधी उलगडून पाहिलं नाही. आणि आईताईच्या गाण्याची तर घरात गंमतच होऊन बसली. गिऱ्हाईक यायला उशीर झाला की ताई सूर लावायची, “आईताईऽ”, आणि आई टाचण्या ओठांत धरून हसायची.

ते गाणं आलं त्याच्या पुढच्याच थंडीत आईची छाती भरली. सर्दी म्हणता म्हणता ताप, ताप म्हणता म्हणता दवाखाना. ताईने बारक्याला कळवलं, पण कळवतानाही म्हणाली, “घाबरू नकोस, दोन दिवसांत घरी सोडतील.” खरंच सोडतील असं तिला वाटत होतं. तो निघाला तोवर उशीर झाला होता. तो पोचला तेव्हा सगळं आवरलेलं होतं, आईची खाटसुद्धा.

सांत्वनाला आलेले लोक गेल्यावर दोघं दुकानात उभी होती. आईच्या मशीनवर कुणाचातरी फिटिंगला आलेला, अर्धाच शिवलेला शर्ट तसाच होता, सुई कापडात खुपसलेली. बारक्या मशीनपाशी होता. चाकाला हात लावावा म्हणून त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला.

ताईचं दुःख वाट शोधत होतं आणि त्याला जवळची वाट सापडली.

“आई होती तेव्हा तुला कधी यावंसं वाटलं नाही,” ती म्हणाली. “आता कुणासाठी आलास?”

बारक्याचा चेहरा पांढरा पडला. “ताई, मला… मला भ… भ…”

“भाडं!” ताई ओरडली. “भाडं महाग होतं, रजा मिळत नव्हती, माहीत आहे मला. आईपेक्षा सगळंच महाग असतं रे!”

त्याचं तोंड थोडा वेळ तसंच उघडं राहिलं. मग त्याने ते मिटलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना त्याने दाराची कडी हलकेच लावली. त्यापेक्षा दार आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर गाणी आली नाहीत. ताईनेही मागितली नाहीत. तिला वाटलं, रागावलाय, येईल ठिकाणावर. पहिले काही रविवार तिने फोन सवयीने डब्यात ठेवला. डब्यात आता हवामानाचा अंदाज घुमायचा.

आईच्या मशीनवर तिने पांढरं कापड टाकलं होतं. तो अर्धा शर्ट तिने काढला नाही. गिऱ्हाईकही न्यायला आलं नाही.

समोरच्या इमारतीत दातांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई एका दुपारी दुकानात आल्या. आधी रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहून घेतलं, दार लावलं, आणि हातातली पिशवी छातीशी धरून म्हणाल्या, “तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?”

“बाई, इथे लोक पोट सुटलं की येतात,” ताई म्हणाली. “मी सांगायला लागले तर दुकान बंद होईल.”

पिशवीतून जांभळ्या केसांचा टोप निघाला. मग नारिंगी रेशमी जाकीट, पाठीला पंख्यासारख्या काड्या बसवलेलं. मग दोन लांबच्या लांब बाह्या, कशालाच न जोडलेल्या, खांद्यापासून सुट्या.

“मुलगी नाटकात आहे का?”

“मला मुलगी नाही. हे माझ्यासाठी आहे.” डॉक्टरीणबाई चाळिशी केव्हाच ओलांडलेल्या होत्या. “आमचा एक मेळावा असतो. मागवलं तर हे बारीक पोरींच्या मापाचं आलं. तिथे आम्ही आपापल्या आवडत्या गायिकेसारखे कपडे करतो. म्हणजे ती गायिका तशी नाहीच. कसं सांगू… संगणकातली—”

“माहीत आहे,” ताई म्हणाली. “जपानी गाणी. श्वास घेत नाही ती. घेतला तर कुणीतरी हाताने घातलेला असतो.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. एकदम त्यांचा संकोच गळून पडला आणि पडद्यामागे जाकीट चढवता चढवता त्या धो धो बोलायला लागल्या. कुठलं गाणं ऐकलंत? हळू की जलद? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जलद सांगू नये, घाबरतो. “माझं विचाराल तर मला तिचा शांतपणा आवडतो. दिवसभर माणसं माझ्यापुढे तोंड उघडून बसतात आणि बिचाऱ्यांना एक शब्द बोलता येत नाही. मीच विचारते, दुखतंय का? आणि मीच सांगते, नाही दुखत. संध्याकाळपर्यंत मला माझ्याच आवाजाचा कंटाळा येतो.”

ताई हसली. ओठांत टाचण्या घेऊन ती सुटी बाही त्यांच्या दंडाभोवती बसवायला लागली. इलॅस्टिक किती घ्यायचं, खूण कुठे करायची, याचा अंदाज घेत होती. डॉक्टरीणबाई हात पसरून उभ्या होत्या आणि मजेत गुणगुणत होत्या.

“आईताईऽ… आईताईऽऽ…”

ताईने टाचण्या काढून हातात घेतल्या. “तुम्हालाही हे माहीत आहे?”

“हे न ऐकलेलं माणूस आमच्यात सापडायचं नाही.”

“माझ्या भावाने पाठवलं होतं. आम्हाला चिडवायला. आई आणि ताई. आमची दोघींची हाक.”

“अय्या, खरंच की!” डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. “इतकी वर्षं ऐकतेय, माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. पण तो एकच शब्द आहे हो. त्यात ना आई, ना ताई. त्यांच्या भाषेत आईताई म्हणजे ‘भेटायचंय’. तुला भेटायचंय, भेटावंसं वाटतंय. त्यांच्या निम्म्या गाण्यांत असतो बघा. सगळेच कुणाला तरी भेटायला तळमळत अस— आई गं!”

टाचणी त्यांच्या दंडात गेली होती.

“दुखलं?” ताईने विचारलं.

“दुखणारच ना!” त्या म्हणाल्या, आणि मग ताईचा चेहरा पाहून, “एवढं काही नाही हो. तुम्ही बसा जरा.”

ताई आईच्या स्टुलावर बसली. कापड टाकल्यापासून ती तिथे बसली नव्हती.

भेटायचंय. ‘भ’ने सुरू होणारा, त्याचा सगळ्यात अवघड शब्द. आणि तो त्याला लिहून पाठवायचा नव्हता. ‘अर्थ फोनवर सांगतो.’ तो शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणायचा होता. त्या गोदामातल्या खोक्यांच्या रांगांमध्ये, ‘पुन्हा सांगा’ म्हणणाऱ्या यंत्रापुढे, त्याने तो किती वेळा म्हणून पाहिला असेल! शब्द दाराशी आणला, उंबऱ्यावर एक पाऊल ठेवलं, आणि आतून बहिणीने दार उघडून दुसराच कुणी हातात दिला. भारी. भारी आहे, खरंच भारी आहे.

आई तेव्हा मशीनवर होती. धडधाकट होती. तिने एवढंच म्हणायचं होतं, “ये मग.” आणि ती म्हणालीच असती, कारण तिचं तोंड नेहमी मोकळं व्हायचं ते त्याचं बोलून झाल्यावर. उन्हाळाभर तिघं एका खोलीत हसली असती.

तो काहीतरी वेगळं सांगत होता गं.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. ताईच्या दारचा बैल गेला होता, आणि झोपा तिने आधीच, फार प्रेमाने, बारक्याच्या तोंडावर लावून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई जाकीट ठेवून, आपले कपडे घालून निघाल्या. दारातून परत वळून त्यांनी विचारलं, “भाऊ कुठे असतो तुमचा?”

“लांब,” ताई म्हणाली.

संध्याकाळी गोदामात चहाची सुट्टी असते हे तिला माहीत होतं. तिने फोन डब्यात उभा केला आणि लावला. काय बोलायचं ते तिने इस्त्री करता करता घोळवून ठेवलं होतं. चांगली लांबलचक वाक्यं होती. त्यातलं एकही आलं नाही.

“बारक्या, आईताई म्हणजे काय ते मला आज कळलं.”

पलीकडे गोदामाचा गलका होता. मग दार लावल्यासारखा तो कमी झाला. तो कुठेतरी बाजूला गेला असावा.

“तेव्हा तुला हेच सांगायचं होतं ना? की तुला भे—”

तिने स्वतःला थांबवलं. हात चाचपडत मनगटावरच्या गादीकडे गेला. तिने टाचण्या काढल्या आणि ओठांत धरल्या. लोखंडाची थंड, आंबूस चव जिभेवर आली.

“ते… तेव्हा हो,” बारक्या म्हणाला.

टाचण्या तिच्या ओठांतच होत्या.

“आता… आता मला भ… भ…”

शब्द ताईच्या अगदी जिभेवर होता. आज तर तिला तो पक्का ठाऊक होता. भेटायचंय. नुसता हात पुढे करायचा आणि द्यायचा. द्यावासा इतका वाटला की ओठ आवळले गेले आणि टाचण्या दातांवर वाजल्या. रस्त्यावरून एक गाडी गेली. इस्त्रीतल्या पाण्याने चुळबूळ केली. पलीकडे तो त्या एका अक्षरावर चढत होता, घसरत होता, पुन्हा चढत होता, आणि ताईला पहिल्यांदाच कळलं, की वाट बघणाऱ्याला हा घाट किती लांब वाटतो. चढणाऱ्याचं तर तिने कधी विचारलंच नव्हतं.

“भी… भीती वाटते,” तो म्हणाला.

ती हलली नाही.

“दुकानात यायची. आईचं मशीन बंद बघायची. त्या दिवशीही मी ते… तेच सांगत होतो. तू भ… भाडं म्हणालीस.”

ताईने डोळे मिटले. म्हणजे आताही तिने दिला असता तो शब्द चुकीचाच निघाला असता. एवढं सगळं कळल्यानंतरही.

“ताई? आहेस ना?”

“हं,” ती म्हणाली.

“तुझ्या तोंडात टाचण्या आहेत?”

“हं.”

त्याचा आवाज जवळ आला. मग हळूच, “आई पण तसंच करायची. काम नसतानाही. मला माहीत होतं.”

ताईला माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर होतं, रोज होतं, आणि तिने आईला म्हटलं होतं, गिळशील एखादी. तिने टाचण्या काढल्या. त्यांना ओल लागली होती.

“ये असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “तुला जमेल तेव्हा. मशीनवर कापड टाकलंय मी. मलाही त्याच्याकडे बघवत नाही.” मग, आवाज सावरत, “गाणं पाठवशील का एखादं?”

“कु… कुठल्या कामाला?”

“तूच सांग.”

रविवारी गाणं आलं. सोबत त्याची शिफारस होती : ‘ताई, हे कुठल्याच कामाला नको. हात रिकामे ठेवून ऐक.’

ताईने इस्त्री बंद केली. डॉक्टरीणबाईंच्या बाह्या तयार होऊन खुंटीवर लटकत होत्या, कुणीतरी हात वर करून उभं असल्यासारख्या. तिने फोन डब्यात ठेवला आणि हात मांडीवर. गाणं संथ होतं. मधे मधे त्यात थांबे होते, इतके लांब की गाणं संपलं असं वाटावं, आणि मग तो काचेचा आवाज त्याच जागेवरून पुढे निघायचा. एका ठिकाणी श्वास होता, हाताने घातलेला. आणि पुढे ती सारखा एकच शब्द घेत होती :

“माताऽ… माताऽऽ…”

ताईने आईच्या मशीनकडे पाहिलं. पण तिने काही ठरवून टाकलं नाही. गाणं संपल्यावर तिने फोन लावला.

“ऐकलं,” ती म्हणाली. “मला ती आईला हाक मारतेय असं ऐकू येतंय. पण मला त्यातलं काही कळत नाही. तूच सांग.”

आणि तिने टाचण्या ओठांत घेतल्या.

“त्यांच्या भाषेत माता म्हणजे…” बारक्या म्हणाला, “माता म्हणजे प… पु… पु…”

काचेच्या दाराबाहेर लोक येत जात होते. कुणीतरी थांबून पाटी वाचली आणि पुढे गेलं. आईच्या मशीनवरचं कापड पंख्याच्या वाऱ्याने एका कोपऱ्याशी उचललं जात होतं, आणि खाली तो अर्धा शर्ट दिसत होता, सुई जिथे थांबली तिथेच.

“पुन्हा,” बारक्या म्हणाला. “माता म्हणजे पुन्हा.”

ताईने टाचण्या काढल्या नाहीत. त्याचं बोलणं अजून संपलं नसेल, कुणी सांगावं.